हप्त्याची होडी आणि बर्फाचा डोंगर

(ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना मी ‘म्हणजे बघा’ जितक्या वेळा म्हणालो, त्यातले निम्मे इथे गाळले आहेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, याला झालंय काय. वरळी कोळीवाड्यात बसून हा स्कीइंगवर बोलणार? तर हो, बोलणार. निम्मा वेळ स्कीइंगवर आणि निम्मा वेळ कर्जावर.

आधी बर्फाबद्दल. आमच्याकडे बर्फ म्हणजे लादी. टेम्पोतून येते, मशीनमध्ये फोडतात आणि मासळीवर पसरतात. त्यावर घसरत जायला पैसे मोजायचे, ही कल्पना माझ्या आजीला शेवटपर्यंत पटली नाही. तसा बर्फाचा धंदा मुंबईला नवा नाही. 1833 मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांवरचा कापलेला बर्फ जहाजातून कलकत्त्याला पोचला आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते. म्हणजे चैनीचा बर्फ या शहरात जवळजवळ दोनशे वर्षं विकला जातोय.

आता मुद्दा. आमच्या आळीतलं एक मंडळ गेली बरीच वर्षं ट्रेक काढतं. महिन्यातून एकदा, पंचवीस-तीस जण, डोईजड खर्च नाही. माणशी 350 रुपये वर्गणी. लोकलने कर्जत, तिथून टमटमने कोंदिवडे, कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढत राजमाचीला, उधेवाडीत कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी, दुसऱ्या दिवशी परत. मी अकरा वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो होतो. आता मी मंडळाचा ‘आयटी विभाग’ आहे, म्हणजे गूगल फॉर्म बनवणारा आणि कुणी पैसे दिले नाहीत ते बघणारा एकटा माणूस.

दोन महिन्यांपूर्वी मंडळातल्या तरुण पोरांनी प्रस्ताव मांडला. कर्जतच्या बाजूला जागा भाड्याने घेऊ, वीस तंबू, दोन बाथरूम, झिपलाइन, सोलर दिवे. बारा लाखांचं कर्ज काढू. आपण इतकी वर्षं फुकट राबतोय, तेच काम करून लोक पैसे कमावतायत. मला सांगितलं, तू इंजिनियर आहेस, हिशोब मांड आणि बुकिंगचं अ‍ॅप बनव.

मला प्रस्ताव आवडला होता, हे आधीच कबूल करतो. विरोध केला तो माझ्या काकांनी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पावसाळ्यात हप्ता कोण भरणार?”

हा प्रश्न त्यांच्या तोंडी का आला, ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात काकांनी कर्ज काढून मोठी बोट घेतली होती, सहा सिलिंडरची. त्याआधी छोटी होडी होती. त्यांचं म्हणणं असं, की छोट्या होडीवर दर्या खराब असला की घरी बसायचो, मासळी नसली की जाळी विणायचो. मोठी बोट आली आणि मासळी असो-नसो, डिझेल टाकून बाहेर जावंच लागायचं, कारण हप्त्याला वारा-पाऊस कळत नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. 61 दिवस बोट शाकारलेली, पण हप्ता चालू. शेवटी ती बोट विकली. काका आज पुन्हा छोट्या होडीवर आहेत आणि त्यांची झोप चांगली आहे.

मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि शोधता शोधता स्कीइंगमध्ये घुसलो. कारण वर्षातले काही महिनेच चालणारा, डोंगरावरचा आणि हौसेचा सगळ्यात मोठा धंदा जगात तोच आहे.

स्कीइंग मुळात स्वस्त होतं. दोन फळ्या पायाला बांधायच्या, डोंगर चढायचा आणि घसरत खाली यायचं. खर्च होता तो चढण्याचा, आणि तो घामात मोजला जायचा. 1934 मध्ये अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, वुडस्टॉक गावी, एका शेतकऱ्याच्या कुरणावर काही लोकांनी जुन्या फोर्ड मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून दोरखंड फिरवला. दोर पकडायचा आणि वर जायचं. अमेरिकेतली ती पहिली दोर-लिफ्ट. बघा, हे आपल्या ‘जुगाड’च्या जवळचं आहे. मग गावोगावी असे दोर लागले. कुणाचं शेत, कुणाचं इंजिन, शनिवारी शाळेतली पोरं, घरून आणलेला डबा.

दोनच वर्षांनी, 1936 मध्ये, आयडाहो राज्यात सन व्हॅली उघडलं. ते कुणा हौशी गावकऱ्याचं नव्हतं, युनियन पॅसिफिक रेल्वेचं होतं. रेल्वेचे प्रमुख अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना हिवाळ्यात पश्चिमेकडच्या गाड्यांना प्रवासी हवे होते. त्यासाठी हॉटेल बांधलं आणि डोंगरावर खुर्च्यांची लिफ्ट लावली. ती काढली जिम करन या रेल्वेच्याच इंजिनियरने. त्याने केळ्यांचे घड जहाजात चढवायची यंत्रं पाहिली होती. केळ्यांच्या आकड्याच्या जागी खुर्ची टांगली, झालं. माझ्या मते गेल्या शतकातल्या सुंदर इंजिनियरिंग कल्पनांपैकी ही एक आहे, पण ते जाऊ दे.

वुडस्टॉक आणि सन व्हॅली या दोघांत फरक काय? बर्फ तोच, उतारही तसाच. फरक एवढाच, की एकाने डोंगर चढवायचं यंत्र भंगारातून उभं केलं आणि दुसऱ्याने मोठं भांडवल घालून. लिफ्टमध्ये एक माणूस बसला काय आणि हजार बसले काय, खर्च जवळपास सारखाच. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू ठेवायला एक युजर असो की लाख, बिल येणारच. मग धंदा ‘खुर्च्या भरा’ असा होतो. खुर्च्या भरायला हॉटेल लागतं. हॉटेल परवडायला रेस्तराँ, मग दुकानं, मग डोंगरावरच्या घरांचे प्लॉट. कोलोराडोमधलं व्हेल 1962 मध्ये सुरू झालं, तेव्हा सुरुवातीच्या भागीदारांना घरासाठी जागेचा हक्क दिला होता. घसरायचा डोंगर ही जाहिरात होती, खरी कमाई पायथ्याच्या जमिनीत.

आणि तरी बर्फ पडलाच नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. त्यावर व्हेल कंपनीने 2008 मध्ये तोडगा काढला: एपिक पास, 579 डॉलरला अख्खा सीझन. पण विकत घ्यायचा तो बर्फ पडण्याआधी. म्हणजे हवामानाची जोखीम कंपनीने उचलून गिऱ्हाइकाच्या खिशात ठेवली. हुशार चाल आहे. पास न घेता खिडकीवर एका दिवसाचं तिकीट काढायला गेलात, तर आता 300 डॉलरच्या वर जातं, म्हणजे लोकांनी पासच घ्यावा. शेतातले दोर मात्र बहुतेक गेले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सातशेच्या वर स्की-डोंगर होते, आता पाचशेच्या आत आहेत. सगळे कंपन्यांनी मारले असं नाही. बर्फ कमी झाला, विम्याचा खर्च वाढला, चालवणारे म्हातारे झाले. शेवटचं कारण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता घरी येऊ. आपल्याकडे बर्फाचा डोंगर नाही, पण डोंगर चढवायची यंत्रं आहेत, आणि पहिलं यंत्र सन व्हॅलीच्याही आधीचं. माथेरान! 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढले आणि साहेबलोकांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. पुढची पन्नासेक वर्षं तिथे जायचं म्हणजे चालत, घोड्यावर किंवा पालखीत. मग मुंबईचे धनाढ्य व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. मुलगा अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात काम पुरं केलं, खर्च सुमारे 16 लाख रुपये. घरचा पैसा घालून डोंगरावर दोन फुटी रूळ! आणि ही गाडी पावसाळ्यात नेरळपासून वर धावत नाही. लिफ्टच्या धंद्याचं सगळं दुखणं त्यात आलं: एकदम मोठा खर्च, तोकडा सीझन, आणि एका पावसात सगळं वाहून जायची भीती. 2005 च्या जुलैमधल्या पावसात रूळ खरंच वाहून गेले, गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. आज मध्य रेल्वे ती चालवते. सरकार पाठीशी नसतं तर ती कधीच म्युझियममध्ये गेली असती, असं मला वाटतं.

पण माथेरानची दुसरी बाजू मला जास्त विचारात टाकते. तिथे मोटारींना बंदी आहे, गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे माणसं आणि सामान नेण्याचं काम घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षावाले करत आले. म्हणजे तिथली लिफ्ट माणसांची आहे. तिकिटाचा पैसा शेकडो घरांत वाटला जातो, पण तो माणसांच्या गुडघ्यांतून निघतो. 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा शाळकरी पोरं आणि म्हातारी माणसं खूश, घोडेवाले नाराज. दोघांचंही बरोबर होतं. ‘साधं, स्थानिक, जुनं’ म्हटलं की आपण भावुक होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. साधेपणाची किंमत कुणीतरी देत असतं, फक्त ती पावतीवर छापलेली नसते.

रायगडचा रोपवे 1996 पासून आहे. चौदाशेच्या वर पायऱ्या काही मिनिटांत टळतात. माझी आजी रायगड पाहू शकली ती त्या पाळण्यामुळे. म्हणून रोपवे म्हणजे वाईट, असं मी कधी म्हणणार नाही.

आता बर्फ. महाराष्ट्रातला खराखुरा ‘बर्फाचा डोंगर’ उभा राहिला खोपोलीजवळ, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या कडेला. मनमोहन शेट्टी यांचं इमॅजिका एप्रिल 2013 मध्ये उघडलं. अ‍ॅडलॅब्सचे शेट्टी, सिनेमाच्या रिळांवर प्रक्रिया करणाऱ्या लॅबपासून मल्टिप्लेक्सपर्यंत पोचलेला माणूस. पार्कमध्ये सुमारे 1,600 कोटी रुपये गुंतले, त्यातला मोठा भाग कर्जाचा. आता क्रम बघा आणि व्हेल आठवा. 2013 मध्ये थीम पार्क, 2014 मध्ये वॉटर पार्क, 2015 मध्ये हॉटेल, 2016 मध्ये स्नो पार्क. एक आकर्षण दुसऱ्याला ओढतं, माणूस एका दिवसाऐवजी दोन दिवस राहतो, खातो, खर्च करतो. कागदावर हे एकदम बरोबर दिसतं. मी ऑफिसच्या पिकनिकला तिथल्या बर्फात गेलोय. बाहेर मे महिन्याचं खोपोली, आत शून्याखाली तापमान, अंगावर भाड्याचं जाकीट, आणि आमचे टीम लीड लहान मुलासारखे घसरत होते. मजा आली, खोटं का बोला.

पण विचार करा, तो बर्फ टिकवायला वर्षभर वीज जळते. हिमालयात बर्फ तरी फुकट पडतो, इथे तो रोज तयार करावा लागतो. तेही सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथून राजमाचीचा किल्ला फार लांब नाही आणि राजमाचीच्या पावसाला वीज लागत नाही.

मार्च 2015 मध्ये कंपनीने शेअर बाजारात इश्यू आणला. किंमतपट्टा सुरुवातीला 221 ते 230 रुपये होता. मागणी येईना म्हणून मुदत वाढवली, पट्टा खाली आणला आणि शेवटी 180 ला शेअर दिला. लिस्टिंगच्या दिवशी भाव त्याच्याही खाली उघडला. गर्दी येत होती, पण हप्त्याला पुरेल इतकी नाही. अधिकची जमीन आणि हॉटेल विकून कर्ज कमी करायचे विचार झाले. 2020 च्या मार्चमध्ये कोविडने पार्क बंद पडलं, व्याज मात्र चालूच. शेवटी 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने कंपनीतला सुमारे दोन तृतीयांश हिस्सा घेतला आणि बँकांशी कर्जाची तडजोड झाली. मालपाणींचं शिर्डीला आणि लोणावळ्याला आधीच वॉटर पार्क होतं. पार्क आज चालू आहे. राइड त्याच, बर्फ तोच, बदललं काय तर मुख्यतः कर्जाचं ओझं. पार्क वाईट नव्हतं, ते हप्त्याच्या होडीत होतं.

हे वाचून झाल्यावर मी आमच्या तंबूंचं शीट पुन्हा उघडलं. बारा लाख, पाच वर्षं, 11 टक्के, म्हणजे महिन्याला 26 हजारांच्या आसपास हप्ता. जागेचं भाडं 10 हजार, राखणदार 12 हजार. महिन्याला 48 हजार, वर्षाला 5 लाख 76 हजार. माणशी 1,500 घेतले आणि जेवण-प्रवास-सामानाचे 700 गेले, तर हातात 800. चार महिने पाऊस. उरले 32-एक शनिवार. प्रत्येक शनिवारी 18 हजार निघायला हवेत, म्हणजे 23 माणसं. दर शनिवारी, न चुकता, परीक्षा असो, लग्नसराई असो, मॅच असो. एवढं झालं की आपण कुठे पोचतो? शून्यावर. अजून कुणाच्या हातात एक रुपया नाही. आत्ता आम्ही महिन्यातून एकदा पंचवीस जण जमवतो, त्यातही आदल्या रात्री चार जण गळतात.

आणि 1,500 रुपये घेतले की येणारी माणसंही बदलतात. आज ज्या पोरांच्या आया बाजारात पाटी घेऊन बसतात, ती पोरं 350 मध्ये येतात. उद्या त्यांना ‘सवलत’ द्यावी लागेल, आणि हप्त्याचा महिना आला की पहिली कापली जाईल ती सवलत. आम्ही वाईट लोक आहोत म्हणून नाही, 23 चा आकडा गाठायचा म्हणून.

इथे काकांची बाजू जिंकली असं वाटेल. पण पोरांचाही एक मुद्दा आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. आमचा ट्रेक 350 मध्ये होतो कारण त्यात कुणाचा वेळ धरलेला नाही. पहाटे तीनला उठून थालीपीठं लावणाऱ्या दोन आत्या आहेत. रस्ता माहीत असलेले तीन जण आहेत, त्यांतल्या दोघांचे गुडघे गेलेत. गेल्या पावसाळ्यात एका मुलाचा पाय मुरगळला, पाच जणांनी त्याला आळीपाळीने खाली आणलं. मुरगळण्यावर निभावलं, मोडला असता तर? आमच्याकडे स्ट्रेचर नव्हतं. विमा तर नव्हताच. अमेरिकेतल्या शेतातले दोर का बंद पडले, ते आठवतंय ना? चालवणारे म्हातारे झाले.

तर मधला रस्ता कुणी काढलाय का? काढलाय. न्यूझीलंडमध्ये काही डोंगर स्की क्लबांचे आहेत. अजून जुन्या पद्धतीचे दोर, कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या चिमट्याने पकडायचे, आणि सभासदांनी उन्हाळ्यात येऊन डागडुजीचं काम करायचं. व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन 1995 मध्ये स्की करणाऱ्यांनीच सहकारी तत्त्वावर विकत घेतलं. तिथे 1948 ची एका माणसाची लिफ्ट होती. ती जुनी झाली तेव्हा दोन माणसांची लावता आली असती, पण सभासदांनी एकाचीच नव्याने दुरुस्त करून घेतली. डोंगरावर गर्दी नको म्हणून! इमॅजिकाच्या बँकेला हे सांगून बघा.

सहकार महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. साखर कारखाने, दूध, मच्छीमारांच्या सोसायट्या. त्यांत काय काय बिघडतं तेही आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पण मला त्यातली एकच गोष्ट हवी होती: पैसा सभासदांचा असला की घाई नसते.

जाता जाता मनालीची गोष्ट. हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांना तिथे मोठं हिमालयन स्की व्हिलेज उभारायचं होतं. 2006 मध्ये नग्गरला कुल्लू खोऱ्यातल्या देवतांची ‘जगती’ भरली, म्हणजे सगळ्या देवांचा एकत्र कौल. देवांनी नाही म्हटलं. प्रकल्प पुढे कोर्ट-सरकारच्या फेऱ्यांत अडकला आणि उभा राहिलाच नाही. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “देवाला पण हप्ता कळतो.”

मंडळाची बैठक गेल्या रविवारी झाली. मी शीट टीव्हीवर लावलं. पोरं चिडली, एक जण म्हणाला की तू परदेशी कंपनीचा पगार घेऊन आम्हाला साधेपणा शिकवू नकोस. त्याचं म्हणणं मला लागलं आणि ते खोटंही नाही. माझा प्रस्ताव असा: कर्ज नाही, जागा नाही. वर्गणी 350 वरून 450. वरचे शंभर वेगळ्या खात्यात, त्यातून आधी स्ट्रेचर, दोर, विमा, आणि चार पोरांना प्रथमोपचाराचं शिक्षण. वाट दाखवणाऱ्याला आणि स्वयंपाक करणाऱ्या आत्यांना मानधन. तंबू लागले तर उधेवाडीतून भाड्याने, म्हणजे पैसा तिथेच राहील. ज्यांना 450 जड जातात त्यांचं नाव फक्त मला कळेल, कारण फॉर्म माझ्याकडे येतो.

निर्णय झाला नाही. अर्ध्या लोकांच्या होड्या आत्ता शाकारलेल्या आहेत, डोकं दुसरीकडे आहे. पुढची बैठक नारळी पौर्णिमेनंतर. काकांनी शीटची प्रिंट मागितली आहे, अक्षर मोठं करून.